मागची डावी जागा

सफारीची पहिली बैठक साहेबांच्या बंगल्यावर झाली तेव्हा विषयपत्रिकेवर सात विषय होते आणि त्यांतला एकही वाघ नव्हता. टी-शर्टचा रंग होता. टोप्या होत्या. निघताना गाडीपुढे फोटो काढायचा तर बॅनर हिंदीत की इंग्रजीत, हा चौथा विषय अर्धा तास चालला. इतिवृत्त मी लिहीत होतो, कारण माझं अक्षर चांगलं आहे. एकोणीस वर्षांपूर्वी कोकणातून सिल्वासाच्या शाळेत विज्ञान शिकवायला आलो, तेव्हापासून माझ्या अक्षराचा उपयोग माझ्याहून वरच्या लोकांनी केला आहे आणि मी तो होऊ दिला आहे.

साहेब मुंबईहून बदलून आलेले, इथल्या प्रशासनात चांगल्या हुद्द्यावर. त्यांना कॅमेऱ्याचा नाद लागला आणि त्यांच्याबरोबर तो आणखी तिघांना लागला. त्यात सायली गावातल्या एका कारखान्यातला मॅनेजर होता, मूळचा जळगावकडचा. एक दातांचे डॉक्टर होते. आणि मी. माझ्याकडे जुना, कोपरे झिजलेला कॅमेरा होता आणि पक्ष्यांची पुस्तकं होती. साहेबांना पुस्तकांचा उपयोग होता. फोटो काढून झाल्यावर खाली नाव लिहावं लागतं.

रविवारी सराव असे. पहिला सराव दादऱ्याच्या तलावावर झाला. लोक बायकामुलांना घेऊन नावेत बसले होते, आणि आम्ही चौघे पानापानांच्या छापाचे कपडे घालून, कंबरेत वाकून बदकांच्या मागे लागलो होतो. बदकं पाव खायला माणसांच्या पायाशी येत होती. एक छोटी मुलगी आईला म्हणाली, "मम्मी, आ लोको संताय छे केम?" हे लोक लपतायत कशाला? साहेबांनी तिच्याकडे दुर्लक्ष केलं. मी ते इतिवृत्तात घेतलं नाही.

दुसऱ्या रविवारी सुरंगीच्या जंगलात जायचं ठरलं, म्हणून मी आमच्या शाळेतल्या मामाला सांगितलं. मामा म्हणजे प्रयोगशाळेचा शिपाई. शाळेतल्या सगळ्या शिपायांना मामा म्हणतात, पण याला मुख्याध्यापकही जरा आदरानं म्हणतात. तो सुरंगीचा वारली, साठीला टेकलेला, आणि माझ्या पुस्तकांतले निम्मे पक्षी मला त्यानं दाखवले होते. मी फक्त त्यांची लॅटिन नावं शोधली. त्या दिवशी त्यानं आम्हाला ओढ्याकाठच्या एका वठलेल्या सागाखाली नेऊन उभं केलं आणि म्हणाला, "बघा आता."

आम्ही बघितलं. काही दिसलं नाही.

"कुठे?" साहेब म्हणाले.

"साहेब, तुम्हीच बघताय त्याच्याकडं. तो पन तुमच्याकडं बघतोय."

ढोलीत पिंगळ्यांची जोडी बसली होती, सालीच्या रंगाची. साहेबांनी सलग पाच मिनिटं कॅमेरा वाजवला आणि खूश होऊन मामाच्या पाठीवर थाप मारली. "मामा, तू कमाल माणूस आहेस यार. आम्ही विदर्भात चाललोय वाघाला. तुलाही नेतो. तुला वाघ दाखवतो, बोल!"

परत येताना गावाच्या हद्दीपाशी मामा थांबला. तिथं जांभळीच्या झाडाखाली वाघदेव आहे. लाकडाची एक फळी, तिच्यावर कोरलेला वाघ, वर चंद्र-सूर्य, आणि वर्षानुवर्षांचा शेंदूर. मामानं चपला काढून हात जोडले. मग मला म्हणाला, "सर, माझ्या आज्यानं खरा बघितला होता. बापानं नाय. मी नाय. आमी लाकडालाच पाया पडतो. साहेब खरंच नेतील?"

मी म्हणालो, "साहेब बोललेत ना. मीही आहे."

हे शेवटचं वाक्य आजही माझी पाठ सोडत नाही.

तिसऱ्या बैठकीत गाडी ठरली. जंगलात उघडी जीप घ्यावी लागते. तिच्यात पाहुण्यांच्या सहा जागा, आणि परवान्यावर प्रत्येकाचं नाव महिनेन्‌महिने आधी ओळखपत्रासकट द्यावं लागतं. मग ते बदलता येत नाही. पाच नावं दिली. सहावी जागा पिशव्यांना. जागांचा तक्ता मी केला, साहेबांनी तो ध्वजवंदनाच्या खुर्च्यांसारखा तपासला. पुढच्या रांगेत साहेब आणि डॉक्टर, मधल्या रांगेत मॅनेजर आणि पिशव्या, मागे उजवीकडे मी, डावीकडे मामा. मामानं आधार कार्डाची झेरॉक्स प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून आणून दिली. सूचनापत्रकात मी लिहिलं होतं की खाकी किंवा हिरवे कपडे आणावेत. बाकीच्यांनी वापीला जाऊन खरेदी केली. आमच्यात खराखुरा खाकी कपडा एकट्या मामाकडे होता, सरकारनं दिलेला, दोन जोड.

वाघबारशीला त्यानं गावात सांगितलं. त्या दिवशी सुरंगीत वाघदेवाची पूजा असते. दुसऱ्या दिवशी तो शाळेत आला तो जरा लाजतच. "म्हाताऱ्या बाया माझ्याच पाया पडाया लागल्या, सर. म्हणल्या, तू जाऊन आलास की आमाला सांग, त्याचं तोंड कसं हाय."

मार्चमध्ये साहेबांची लेन्स आली. भाड्याची नव्हे, विकतची. हाताएवढी लांब, पांढरी, आणि तिच्यासाठी आत मऊ गादी असलेली पेटी. साहेबांनी ती टेबलावर ठेवली आणि आम्ही चौघे बारशाला आल्यासारखे तिच्याभोवती उभे राहिलो. डॉक्टर "वा" म्हणाले. मग "वा" म्हणण्याची माझी पाळी आली आणि मी म्हणालो.

"आता प्रश्न असा आहे," साहेब बसत म्हणाले, "की हिला ठेवायचं कुठं. खाली ठेवली तर धूळ आणि दणके. पिशव्यांवर ठेवली तर घसरते. हिला एक सीट लागेल."

कुणाची सीट, ते सगळ्यांना कळलं होतं.

मॅनेजर म्हणाला, "साहेब, मामाच्या मांडीवर देऊ ना. धरून बसेल तो."

"आणि वाघ दिसल्यावर उठून उभा राहिला तर? एक्साइट होतात ही माणसं."

"तेबी खरंय," मॅनेजर म्हणाला, आणि बिस्किट चहात बुडवलं.

"त्याला आपण पुढच्या वर्षी नेऊ," साहेब म्हणाले. "त्याचं काय, तो जंगलातलाच माणूस. त्याला काय नवलाई? सर, तक्त्यात दुरुस्ती करा. परवान्यावरचं नाव राहू दे, ते काही बदलत नाही."

मी वाद घालायला हवा होता. मुद्दे माझ्याजवळ होते. पाच-सहा तरी, चांगले, क्रमानं मांडता येतील असे. पण तक्ता माझ्यासमोर होता. मागच्या रांगेतली डावी जागा गेली, तर पुढची गरज पडल्यावर कोणती जाईल, हे मला दिसत होतं. पन्नास वर्षांच्या आयुष्यात मी वाघ फक्त पिंजऱ्यात पाहिला होता. मी पेन्सिलीनं "मामा" खोडलं आणि तिथं "लेन्स" लिहिलं. अक्षर नेहमीसारखंच चांगलं आलं.

मामाला सांगायचं कामही माझ्याकडेच आलं. तो परीक्षानळ्या धूत होता. मी गाडीचं सांगितलं, दणक्यांचं सांगितलं, लेन्स किती नाजूक असते हे इतकं तपशिलात सांगितलं की माझं मलाच ऐकवेना. मामा नळीत ब्रश फिरवत राहिला.

"बरं, सर," तो म्हणाला. मग नळ बंद करून: "रजा टाकलीय मी. काढून घेऊ का?"

"घे," मी म्हणालो.

"गावात काय सांगू?"

"पुढच्या वर्षी" असं काहीतरी मी म्हणालो. तो माझ्याकडे बघून हसला, आणि ते हसू विद्यार्थ्यानं खोटं कारण सांगितल्यावर मी हसतो तसं होतं.

जंगलाच्या फाटकावर सकाळी कर्मचाऱ्यानं परवाना वाचला. चार नावांना आम्ही हात वर केले. मग त्यानं मामाचं नाव वाचलं, पूर्ण, बापाच्या नावासकट. इतक्या वर्षांत ते पूर्ण नाव मी मोठ्यानं कधी ऐकलंच नव्हतं.

"हे कुठे?"

साहेब फोनमध्ये होते. डॉक्टर टोपी सारखी करत होते. मी म्हणालो, "तब्येत बरी नव्हती त्यांची."

"अरेरे," तो माणूस मनापासून म्हणाला. आमच्या सबंध सफारीत मामाबद्दल कुणाला वाईट वाटलं असेल तर ते त्या अनोळखी माणसाला.

पहिल्या दिवशी काही दिसलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी वळणावर गाइडनं हात वर केला आणि ड्रायव्हरनं गाडी बंद केली. बांबूतून वाघीण बाहेर आली. घाई अशी नव्हतीच तिला. रस्त्याच्या डाव्या कडेनं, चाकोरीतून, ती आमच्याकडेच चालत आली. साहेबांनी "लेन्स, लेन्स" असं कुजबुजत मागे हात केला. मी लेन्स उचलणार तेवढ्यात गाइड दबक्या आवाजात म्हणाला, "साहेब, ती काढू नका. इतक्या जवळचं तिच्यात येतच नाही."

ते खरं होतं. ती लेन्स लांबच्या वाघासाठी होती. हा जवळचा होता. साहेबांनी शेवटी खिशातून मोबाइल काढला.

वाघीण पुढच्या रांगेजवळून गेली, मधल्या रांगेजवळून गेली, आणि मागच्या डाव्या जागेशी क्षणभर थांबली. तिथं टॉवेलात गुंडाळून, माझ्याच मफलरनं सीटच्या पाठीला बांधलेली लेन्स बसली होती, तोंडावर झाकण लावून. वाघिणीनं मान वर करून तिचा वास घेतला. मध्ये हातभर अंतर असेल. मी पलीकडे होतो, आणि मला फक्त तिचे कान दिसत होते. बाकी सगळं लेन्सनं झाकलं होतं.

मग ती निघून गेली. सगळे एकदम बोलायला लागले. मॅनेजर म्हणाला, "सर, तुमच्या इतक्या जवळ! भो, नशीबवान आहात!"

जूनमध्ये शाळा सुरू झाल्यावर साहेबांनी मोबाइलवरचा तो फोटो मोठा करून, सोनेरी चौकटीत बसवून शाळेला भेट दिला. कार्यक्रम झाला. निसर्ग आणि भावी पिढी यांवर साहेब पंचवीस मिनिटं बोलले. चौकटीखाली पितळी पट्टीवर "जंगलाचा राजा" असं कोरलेलं होतं; ती राणी आहे हे मी सांगितलं नाही, सांगायची सवय तोवर गेली होती. फोटो प्रयोगशाळेच्या भिंतीवर लावायचा ठरला. म्हणजे मामानं लावायचा ठरला.

वेष्टनाचा कागद सोडल्यावर मामानं आधी चपला काढल्या. मग चौकट टेबलावर उभी करून तो तिच्यासमोर बसला आणि दोन बोटं काचेवर, वाघिणीच्या तोंडापाशी टेकवली.

"ए, हात नको लावू," साहेब दारातून म्हणाले. "ठसे उमटतात." आणि मुख्याध्यापकांबरोबर चहाला गेले.

मामानं सदऱ्याच्या टोकानं काच पुसली, स्टुलावर चढून खिळा ठोकला, चौकट टांगली. मी खाली स्टूल धरून उभा होतो. तो चौकट सरळ करत, माझ्याकडे न बघता म्हणाला, "सर, तक्त्यात माझी जागा कुठं होती?"

"मागे. डावीकडे."

"आन् ही कुठनं गेली?"

खोटं बोलणं सोपं होतं. फाटकावर जमलं होतं.

"डावीकडनं," मी म्हणालो. "अगदी जवळून. थांबली होती."

मामानं हातोडी खिशात घातली. उतरायला मी हात पुढे केला होता. तो भिंतीला धरून उतरला.