दोन बोटं सैल

आमच्या घरात नवा कपडा शिवला जायचा तो थोरल्या भावासाठी, आणि तोही वाढत्या मापाचा. आई शिंप्याला बजावायची, "दोन बोटं सैल ठिवा, पोराचं अंग भरतंय." थोरल्याला तो तोकडा झाला की माझ्याकडे यायचा. कोपर विरलेलं, कॉलर उलटवून शिवलेली. तक्रार करायची सोय नव्हती. फाटला नाही ना, मग झालं.

पुढे थोरला फौजेत गेला आणि मी साताऱ्याला गुरांच्या दवाखान्यात चिकटलो. सांगलीजवळचं गाव सुटलं, पहाटेचं उठणं काही सुटलं नाही. अडलेली म्हैस घड्याळ बघून अडत नाही. वाईकडच्या खेड्यातून निरोप आला की मोटारसायकलला किक मारायची. थंडीत सदऱ्याच्या आत वर्तमानपत्राच्या घड्या घालायचो, तरी वारं छातीत शिरायचंच. मोठा दुष्काळ सरून दोनेक वर्षं झाली होती, पण माझा शीण काही सरत नव्हता. खोकला तर पाचवीला पुजलेला.

सुट्टीवर आलेल्या थोरल्यानं तो ऐकला. त्याची पलटण तेव्हा कानपूरला होती.

"चामड्याचं जाकीट शिवून आणतो गड्या," तो म्हणाला. "पर माप नीट धाड. चामडं उसवलं तर सुईची भोकं तशीच ऱ्हात्यात. मागनं दुरुस्ती न्हाई."

मला हे भारी आवडलं. एकट्या माझ्या अंगाचा, कुणाचा न उतरलेला कपडा. सांगलीच्या पेठेतून शिंप्याची टेप आणली आणि साताऱ्याच्या खोलीत दाराला कडी घालून माप घ्यायला लागलो. स्वतःचं माप स्वतः घेणं म्हणजे नुसता वैताग. हात वर केले की छाती फुगते, आकडा बघायला मान घालावी तर टेप पाठीवरून घसरते. खांदे तर साधेचनात.

शेवटी रविवारी गावी जाऊन आईपुढे उभा राहिलो. तिनं छातीला टेप गुंडाळली आणि सवयीनं आत दोन बोटं सरकवली.

"आये, बोटं काड."

"आरं, लगीन झाल्यावर अंग भरंल की."

"तिशी आली माझी. आता काय भरतंय? काड."

तिनं काढली, पण मी भरल्या ताटावरून उठल्यासारखं तिनं तोंड केलं. आकडे मी कानपूरला कळवले आणि खाली ठळक लिहिलं, सैल नको.

पुढच्या थंडीत थोरला आला. ट्रंकेतून तपकिरी जाकीट निघालं. मी अंगात घातलं. खांद्याची शिवण दंडावर आली. बाह्यांतून नुसती नखं दिसत होती.

"माप बगितलं न्हाईस व्हय?"

"बगितलं की. कारागीर म्हनला, एवढीशी छाती गड्याची असती व्हय? लिवताना चुकलं असंल. मलाबी तसंच वाटलं." तो ओशाळून हसला. "मंग काय, माझा भाऊच हाय म्हनलं, आन् मीच हुबा ऱ्हायलो मापाला."

आई खूश होती. "बरं झालं. जरा वाढतं हाय. अंग भरंल."

मला रडूच आलं होतं. भांडायचं तर त्राण नव्हतं. जाकीट काढून थोरल्याच्या हातात दिलं, म्हटलं, तूच घाल. त्यानं घातलं. एक सुरकुती पडली नाही. मग मात्र त्याचं हसू मावळलं.

दुसऱ्या दिवशी पहाटे मी साताऱ्याला निघालो. थोरला जाकीट घालूनच दारापर्यंत आला. मी किक मारणार तोच त्यानं ते उतरवलं, माझ्या अंगात चढवलं आणि शाळेत जाताना लावायचा तशी एकेक करून बटणं लावली. जन्मात एकदा माझ्या मापाचं काही होणार होतं, तेही त्याच्या अंगावरून उतरूनच माझ्याकडे आलं.

आत त्याची ऊब होती. कऱ्हाडच्या अलीकडे ती सरली. मी गाडी बाजूला घेतली आणि जाकिटाच्या आत वर्तमानपत्राच्या घड्या घातल्या. जागा भरपूर होती.