नानासोंचा संशय आणि डाळिंबाची बिअर

आमच्या वाडीत नानासोंइतका संशयी माणूस दुसरा नाही, आणि हे मी त्यांच्या तोंडावर सांगितलेलं आहे. त्यावर त्यांनी मला एवढंच विचारलं, "तुला कुणी सांगितलं?"

डॉक्टरनं सुई काढली की हे आधी बाटलीवरची तारीख बघणार. गॅसची टाकी आली की वजन करून घेणार. रेडिओवर पाऊस सांगितला तर मुद्दाम वाळवण बाहेर टाकणार. माणूस मला आवडतो, पण तासभर त्यांच्याजवळ बसलं की डोकं उठतं. मी गाडीवाला. माझी बोलेरो आटपाडी ते सांगली भाड्यानं फिरते आणि शेजारी म्हणून नानासोंचा जाच मला फुकट मिळतो.

वयाची पन्नाशी होईपर्यंत हा माणूस मेंढरांमागं फिरला. दिवाळी झाली की बिऱ्हाड आणि मेंढरांचा वाडा हलवायचा, कृष्णाकाठच्या उसाच्या रानात मेंढरं बसवायची आणि पावसाळ्याच्या तोंडाला परत यायचं. दुसऱ्याच्या रानात राहणाऱ्याला सगळ्यांवर नजर ठेवावी लागते, त्यामुळे हा स्वभाव तिथं कामाला आला असणार. पुढं आमच्या माळावर पाणी आलं, नानासोंनी डाळिंबाची तीनशे झाडं लावली आणि मेंढरं अकरावर आणली. स्वभाव मात्र कमी केला नाही.

त्यांचा मुलगा बिरदेव नऊ वर्षं कोइमतूरला होता, सोनं-चांदी गाळायच्या दुकानात. आमच्या भागातली निम्मी पोरं त्याच धंद्यात परमुलखात आहेत. दोन वर्षांपूर्वी तो परत आला आणि म्हणाला, आता बाग मी बघतो. हरणाबाईला, म्हणजे त्याच्या आईला, आभाळ ठेंगणं झालं. नानासो मला हळूच म्हणाले, "तिथं काय भानगड करून आलाय का, बघ जरा." मी त्यांना चांगलंच सुनावलं.

बिरदेवनं यंदा दोन गोष्टी केल्या. दरवर्षीचा पावसाळ्याच्या तोंडाचा मृग बहार सोडून पावसाळा सरतानाचा हस्त बहार धरला, आणि सांगलीच्या राजवर्धन नावाच्या तरुणाशी बोलणी केली. हा राजवर्धन छोट्या भट्टीत थोडी थोडी बिअर बनवतो, फळांच्या चवीची. क्राफ्ट बिअर म्हणतात तिला. त्याला डाळिंबाचा रस हवा होता.

"डाळिंबाची बिअर?" नानासो म्हणाले. "डाळिंब खायाचं सोडून पितंय कोण?"

"लय जण पित्यात आबा. पुण्यात, सांगलीत."

"तू बघितलंस?"

बिरदेवनं त्या बिअरचा नमुन्याचा डबा आणला होता. नानासोंनी तो फोडून हुंगला, तळहातावर ओतून उन्हात धरला आणि निकाल दिला, "ह्यात डाळिंब न्हाई. रंग हाय."

मग ते तीन दिवस आटपाडीला गेले. बिअर शॉपीसमोर एक शिंपी बसतो, त्याच्या बाकावर सकाळपासून ठाण मांडलं. तीन दिवसांत फळांच्या चवीचे पाच डबे गेले, बाकी सगळा माल साधा आणि कडक. पाचातले दोन डबे पोरांनी दारातच फोटोपुरते वर धरले. "ह्या पाच डब्यांसाठी माझा पोरगा तीनशे झाडं बांधून देतोय," ते मला म्हणाले. त्यांच्या आवाजात खरी भीती होती. कंपनी बुडली तर बहार जाईल आणि बहार गेला तर पोरगा पुन्हा कोइमतूरला जाईल, एवढं त्यांना कळत होतं. म्हातारपणी घरात आलेलं माणूस त्यांना परत जाऊ द्यायचं नव्हतं. पण हे ते बिरदेवशी बोलले असते तर नानासो कसले?

डाळिंबाला बहार धरायचा म्हणजे आधी झाडाला तहानलेलं ठेवावं लागतं. महिना-दीड महिना पाणी तोडायचं, म्हणजे ताण द्यायचा. पानं पिवळी पडून गळतात, बाग मेल्यासारखी दिसते. मग छाटणी करून पाणी सोडलं की झाड फुलांनी भरतं. पण मधेच एकदा पोटभर पाणी मिळालं की ताण मोडतो. झाडाला पालवी फुटते, फूल येत नाही. बिरदेवच्या बागेचा ताण सदतीस दिवसांचा झाला होता. यंदा पावसानंही पाठ फिरवली होती, त्यामुळे ताण अगदी मनासारखा बसला होता.

त्याच आठवड्यात राजवर्धननं सांगलीला एक कार्यक्रम ठेवला. गिऱ्हाइकं बोलावली होती, फळं देणारे शेतकरीही. बिरदेवनं वडलांना आग्रह केला, एकदा डोळ्यानं बघा म्हणून. सकाळी आठला मी गाडी लावली. नानासो मेंढरं बघून येतो म्हणून वरच्या अंगाला गेले आणि जरा वेळानं येऊन मागच्या सीटवर बसले.

ते तिथं काय करून आले ते मला संध्याकाळी कळलं, पण आत्ताच सांगून टाकतो. त्यांनी ठिबकचे सगळे कॉक उघडले आणि शेततळ्यावरच्या मोटरीचं बटण ऑटोवर टाकलं. आमच्याकडं शेतीची लाइट त्या आठवड्यात नऊला येत होती. लाइट आली की मोटर आपोआप चालू होणार, दिवसभर पाणी बसणार आणि ताण मोडणार. बहारच आला नाही तर कंपनीला द्यायचं काय? विषय संपला. कुणी विचारलंच तर बटण चुकून तसंच राहिलं असेल म्हणायचं. पोराशी भांडण नको म्हणून पोराची बाग बुडवायची, असला हिशेब आमच्या नानासोंनाच सुचू शकतो.

विट्याच्या अलीकडं त्यांनी मला विचारलं, "किती वाजलं रं?"

"नऊला पाच कमी."

त्यानंतर सांगलीपर्यंत ते बोलले नाहीत. मला वाटलं, झोपले.

कार्यक्रम बायपासच्या एका हॉटेलच्या गच्चीवर होता. मांडवात टेबलं, प्रत्येकावर छोटे ग्लास: डाळिंब, पाचगणीची स्ट्रॉबेरी, तासगावची द्राक्षं, आंबा. गर्दी बरीच होती. पोरं-पोरी हसत होती, ग्लास उंच धरून फोटो काढत होती, जो तो "भारी, भारी" म्हणत होता. बिरदेवचा चेहरा फुलला होता. मला परत गाडी चालवायची होती, म्हणून मी सोडा घेतला.

नानासोंनी खुर्ची उचलली आणि उष्टे ग्लास धुवायला जातात त्या दाराजवळ नेऊन टाकली. मी शेजारी बसलो.

"मेंढरू आजारी असलं की ते बी कळपाबरूबर पाण्यावर जातंय," ते म्हणाले. "तोंड बुडवतंय. लांबनं वाटतंय पितंय. धनगरानं तोंडाकडं बघायचं न्हाई, नरड्याकडं बघायचं."

मी बघू लागलो आणि मला पटत गेलं. लोक ग्लास तोंडाला लावत, एक घोट घेत, मान हलवत आणि पुढचा रंग उचलत. पाठीमागनं ट्रे येत होते आणि त्यांतले बहुतेक ग्लास अर्धे भरलेले होते. पोरं शेवटी साधीच बिअर मागवत होती. कोपऱ्यातल्या एका टेबलावर तीन बायका मात्र डाळिंबाचा ग्लास तळापर्यंत संपवून दुसरा मागत होत्या.

"त्या मालकानंच बशिवल्या असतील," नानासो म्हणाले आणि उठले.

ते सरळ राजवर्धनपुढं जाऊन उभे राहिले. तिशीतला पोरगा, डोळ्यांखाली काळं आलेलं, बोलायला मऊ. दहा-बारा लोकांच्या देखत नानासो म्हणाले, "मालक, तुमचं निम्मं पाणी मोरीत चाललंय. लोक पीत न्हाईत. माझ्या पोराला कशाला फशिवताय?"

मला गच्चीवरून खाली उडी मारावीशी वाटली.

राजवर्धन रागावला नाही. म्हणाला, "खरं आहे काका. दोन वर्षांपूर्वी लोक नवीन म्हणून तुटून पडायचे. आता पहिला ग्लास सगळे घेतात, दुसरा थोडेच घेतात. त्या थोड्यांवर माझा धंदा चालतो. पण तुम्ही हे सांगणारे पहिले नाही. श्रावणाच्या आधी अशाच कार्यक्रमाला बिरदेव आला होता. ह्याच दारापाशी बसला होता, आणि हेच बोलला."

नानासोंनी बिरदेवकडं बघितलं.

"मला त्याचा सगळा बहार पाहिजे होता," राजवर्धन पुढं म्हणाला. "त्यानंच नको म्हणून सांगितलं. तडकलेली आणि डागाची फळं तेवढी मला देणार आहे. चांगलं फळ तुमच्या नेहमीच्या व्यापाऱ्याला."

"मंग हस्त बहार कुणासाठी धरलास?" नानासोंनी विचारलं.

"आपल्यासाठी आबा," बिरदेव म्हणाला. "मृगाच्या फळाला पावसात तेल्या रोग येतोय, निम्मी बाग डागानं जाती. हस्ताला तेवढा येत न्हाई. दोनदा सांगितलं तुमास्नी. कंपनीचं नाव निघालं की तुमी पुढचं ऐकतच न्हवता."

परत येताना बिरदेव माझ्याशेजारी बसला. तो खूश होता. वडलांना सगळं कळलं, आता घरात कटकट राहिली नाही, असं त्याला वाटत होतं. फुलं कधी दिसतील याची तारीख तो बोटांवर मोजत होता. तासगाव गेलं, विटं गेलं.

"भाऊसो, गाडी बाजूला घे," नानासो म्हणाले.

मी गाडी थांबवली. त्यांनी सगळं सांगितलं. कॉक, बटण, नऊची लाइट. काहीच झाकून ठेवलं नाही. बोलताना त्यांनी सीटची कड घट्ट धरली होती आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं. मला इतका राग आला की म्हाताऱ्याला तिथंच उतरवून जावं असं वाटलं.

बिरदेव ओरडला नाही. तारीख मोजणारी बोटं त्यानं मिटली. मग म्हणाला, "कोइमतूरच्या शेठचा नंबर अजून हाय माझ्याकडं. चला भाऊसो."

वाडीत पोचलो तेव्हा दिवस मावळायचा होता. गाडी थांबायच्या आत बिरदेव उतरून बागेकडं पळाला. मी आणि नानासोही मागनं गेलो. तो पहिल्या ओळीत गुडघ्यावर बसला होता आणि नळीखालची माती चिमटीत घेऊन बघत होता. माती कोरडी होती. दुसऱ्या ओळीत कोरडी, शेवटच्या ओळीतही कोरडी.

हरणाबाई मेंढरं घेऊन बांधावरनं येत होती. तिघांचे चेहरे बघून तिनं ओळखलं.

"मीच बंद केली मोटर," ती म्हणाली. "तुमची गाडी गेली तशी मी वर गेली. लाइट यायच्या आत."

"तुला कसं कळलं?" नानासोंनी विचारलं.

"काल जेवताना तीनदा इचारलंसा, लाइट कवा येती म्हणून. बाग लावल्यापास्नं कवा इचारलं न्हाई. चाळीस वर्सं तुमच्याजवळ काढली. संशय घ्यायला मी बी शिकली."

नानासो बांधावर बसले. बिरदेव घरात गेला आणि एक कुलूप घेऊन आला. शेततळ्यावर जाऊन स्टार्टरच्या पेटीला ते घातलं. खाली येऊन किल्ली त्यानं आईच्या हातात दिली, वडलांकडं मान वळवून बघितलंसुद्धा नाही. आता म्हातारा उसळणार, असं मला वाटलं.

नानासो उठले आणि वर गेले. कुलूप हातात धरून उलटंपालटं करून बघितलं, मग तिथनंच त्यांनी हाक मारली.

"बिरदेवा, हे नगं. असलं मी एका दगडात फोडीन. उद्या आटपाडीतनं भारी बघून आण." आणि मग हरणाबाईला, "किल्ली कुठं ठेवतीस ती मला सांगू नगंस."