तिकीटबाई आणि फलकावरची ओळ

समुद्राकाठच्या त्या गावात सगळे तिला तिकीटबाई म्हणत. वडील तिथलेच स्टेशनमास्तर. ती स्टेशनमागच्या क्वार्टरमध्ये जन्मली, वाढली आणि तिकिटांच्या खिडकीत नोकरीला लागली. नवरा गँगमन. हातोडा घेऊन समुद्रालगतच्या भरावावरून रूळ तपासत जायचा. घरी फारसं बोलायचा नाही. रुळांशी बोलून दमतात, असं ती मुलीला सांगायची.

वादळाच्या सकाळीही तो नेहमीसारखाच निघाला. दहाच्या सुमाराला खबर आली, भराव खचला. त्याने लाल झेंडा दाखवून गाडी अलीकडेच थांबवली होती. मग तो पुन्हा भरावाकडे वळला आणि त्यानंतर कोणाला दिसला नाही.

तिकीटबाई खिडकीतून उठली नाही. गाड्या बंद आहेत, हे येईल त्याला सांगत राहिली. संध्याकाळी घरी जाऊन स्वयंपाक केला, तीन ताटं मांडली, एक उचलून ठेवलं. रडू आलं नाही. पुढेही आलं नाही.

भराव पुन्हा बांधला गेलाच नाही. नऊ वर्षांनी नगरपालिकेने स्टेशनचं संग्रहालय केलं आणि देखरेखीला तिलाच ठेवलं. इतिहासाच्या फलकाचा मजकूर तिच्याकडे तपासायला आला. पहिली गाडी, सुटीतली गर्दी आणि शेवटी, वादळात एकाही प्रवाशाला इजा झाली नाही. तिने पहिल्या गाडीचं साल दुरुस्त केलं आणि कागद परत केला.

मुलगी संतापली. "आई, बाबांचं काय?"

"ते कुठे प्रवासी होते?"

दोन दिवस मुलीने अबोला धरला. तिसऱ्या दिवशी एकटीच नगरपालिकेत जाऊन मजकुरात बापाच्या नावाची ओळ घालून आली. फलक लागल्यावर तिकीटबाई समोर उभी राहिली. आत काही हलेल म्हणून थांबली. हललं नाही. नवऱ्याचं वय एका वर्षाने चुकलं होतं, तेवढं दिसलं.

एके दुपारी एका म्हाताऱ्या गृहस्थांनी ती ओळ वाचून विचारलं, "तुम्ही ओळखत होतात यांना?"

"हो. एकाच घरात राहायचो."

गृहस्थांनी ती ओळ पुन्हा एकदा वाचली. मग म्हणाले, "मी त्या गाडीत होतो. खिडकीतून पाहिलं त्यांना."

तिने स्वतःची खुर्ची त्यांच्याकडे सरकवली.

"डोक्यावर टोपी होती?"

"नव्हती बहुतेक. केस भिजलेले दिसत होते."

"घरीच विसरले होते," ती म्हणाली. "बसा. अगदी पहिल्यापासून सांगा."