मुकी शिडी

कारखान्यात तिला सगळे कानताई म्हणायचे. खरं नाव हजेरीच्या पुस्तकात होतं आणि ते तिथेच राहिलं. आम्ही शिड्या बनवतो. ॲल्युमिनियमच्या, घडीच्या, घरात बल्ब बदलायला लागतात तशा. शंभरातली एक शिडी यंत्राखाली घालून, तिच्यावर वजन ठेवून बघतात. उरलेल्या नव्व्याण्णव कानताईच्या टेबलावर यायच्या. तिच्या हातात लिंबाएवढ्या डोक्याची हातोडी असायची. प्रत्येक पायरीच्या दोन्ही टोकांना तिला दांडीशी जखडणारं रिव्हेट असतं, त्यावर ती हलकेच टक् करायची. रिव्हेट घट्ट असेल तर पायरी खणकन उत्तर देते, सैल असेल तर नुसतंच ठप्प. खणकली ती बोलकी, नाही खणकली ती मुकी. मुक्या पायरीवर ती पांढऱ्या खडूने फुली मारायची आणि ती शिडी बाजूला जायची. हे शब्द आमच्यात इतके मुरले होते की एखादी बाई दोन दिवस गप्प राहिली की बाकीच्या म्हणायच्या, "हिला जरा ठोकून बघा गं."

मी तिच्या पलीकडच्या टेबलावर. लेबल चिकटवायचं आणि प्लास्टिक गुंडाळायचं हे माझं काम. नऊ वर्षं मी हंगामी होते. दर अकरा महिन्यांनी मला महिनाभर घरी बसवायचे आणि मग नवीन म्हणून पुन्हा घ्यायचे. म्हणजे नऊ वर्षांत मी नऊ वेळा नवीन झाले; एवढी नवी तर नवरीसुद्धा राहत नाही. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे मी जे केलं त्याला कारण म्हणून हेच सांगणार आहे. पटलं तर बघा.

कानताई एकोणिसाव्या वर्षी इथे लागली. एकतीस वर्षं तिचं टेबल रिव्हेट ठोकणाऱ्या यंत्राला खेटून होतं. नवरा लग्नानंतर चौथ्या वर्षी दुसरीबरोबर निघून गेला. "नवरा तिच्या वाटणीला गेला, सासू माझ्या," असं ती हसत सांगायची. त्या दोघी दोन खोल्यांत राहायच्या आणि दिवसभर एकमेकींना बोलत राहायच्या. सासूचा आवाज तर रस्त्याच्या वळणावर ऐकू यायचा. लोकांना वाटायचं म्हातारी कजाग आहे. खरी गोष्ट मला एकटीला माहीत होती. कानताईचा डावा कान पार गेला होता आणि उजवा जायच्या वाटेवर होता.

"मग तू शिड्या कशा तपासतेस?" मी एकदा घाबरून विचारलं होतं.

तिने माझा डावा तळहात शिडीच्या दांडीवर दाबून धरला आणि उजवीकडे हातोडी मारली. हातातून बारीक मुंग्या कोपरापर्यंत गेल्या. मग तिने दुसऱ्या पायरीवर मारली. काहीच आलं नाही.

"कळलं? कान खोटं बोलेल, हात नाही बोलायचा. कुणाला सांगू नकोस."

मी सांगितलं नाही. गप्प राहणं मला पहिल्यापासूनच छान जमतं.

आमचे थोरले साहेब म्हणजे शिवराळ माणूस. त्यांच्या तोंडून आई-बहिणीशिवाय वाक्य सुरू व्हायचं नाही. पण फुली असलेली शिडी त्यांनी कधी फाटकाबाहेर जाऊ दिली नाही. एकदा ट्रक भरायला चाळीस शिड्या कमी पडल्या. मुकादमाने फुलीवाल्यांकडे बोट करून विचारलं, "यातल्या घालू का?" साहेबांनी त्यातली एक उभी केली आणि म्हणाले, "चढ. बायकोलाही बोलाव." मुकादम चढला नाही. शिड्या भट्टीत गेल्या आणि ट्रक अर्धा रिकामा गेला.

थोरले गेले, धाकटे आले. धाकटे साहेब सगळ्यांना अहो-जाहो करतात. माझ्या मुलीला दमा आहे हे त्यांच्या लक्षात असतं, भेटले की विचारतात. भाषण करताना त्यांचे डोळे भरून येतात आणि खरंच येतात, मी जवळून पाहिलंय. त्यांनी फाटकावर भली मोठी पाटी लावली, 'माणूस आधी'. कारखान्याला जबाबदार उद्योग म्हणून ढाल मिळाली, ती काचेच्या कपाटात ठेवली. शिक्के मारायला शाई लागते, कागद लागतो, निसर्गाचं नुकसान होतं, म्हणून कानताई बोलक्या शिडीवर मारायची तो सात नंबरचा शिक्का बंद झाला आणि त्याऐवजी 'तपासले – ७' असं छापलेली लेबलं हजारांनी आली. ती माझ्या टेबलावर ठेवली.

मग त्यांची नजर फुलीवाल्या ढिगाकडे गेली. त्या ढिगाला आम्ही 'भंगार' म्हणायचो. साहेबांना तो शब्द लागला.

"माणूस चुकला तर आपण त्याला टाकून देतो का?" त्यांनी सगळ्यांना उभं करून विचारलं. "मग वस्तूला तरी का टाकायचं? आजपासून या विभागाचं नाव दुसरी संधी."

टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. दुसरी संधी म्हणजे सैल रिव्हेट काढून नवं ठोकायचं, असं ठरलं होतं. दोन महिने ठोकलंही. मग त्या कामावरचा माणूस दुसरीकडे हलवला आणि त्याच्या जागी कुणी आलं नाही. ढीग मात्र रोज रिकामा व्हायचा. शिड्या थेट माझ्याकडे यायच्या, फुल्यांसकट.

"या दुरुस्त झाल्या का?" मी मुकादमाला विचारलं.

"तुला काय गुंडाळायला ठेवलंय की विचारायला?"

दुरुस्त झाल्या असत्या तर फुली राहिली असती का? एवढं न कळण्याइतकी मी खुळी नाही. मी फडकं ओलं केलं, फुली पुसली, सात नंबरचं लेबल लावलं, प्लास्टिक गुंडाळलं. पहिल्या दिवशी चार, पुढे दिवसाला वीस-पंचवीस. कानताईची माझ्याकडे पाठ असायची. संध्याकाळी ती म्हणायची, "तुझं फडकं बाई पिठात बुडवल्यासारखं असतं नेहमी." मी म्हणायची, "धूळ फार आहे गं."

पुढच्या वर्षी एका शाळेतली शिपाईबाई वर्गातला पंखा पुसायला आमच्या शिडीवर चढली. पाचवी पायरी एका बाजूने निसटली. बाई बाकाच्या कडेवर पाठीवर पडली आणि कमरेखालचं शरीर कायमचं गेलं. वय चौतीस. शिडीवर लेबल होतं, 'तपासले – ७'.

साहेब स्वतः तिला भेटून आले. आल्यावर आम्हाला गोळा करून म्हणाले, "कुणाला दोष द्यायचा नाही, पण सत्य शोधायचं." चौकशी समिती नेमली. आदल्या दिवशी मला खोलीत बोलावलं, स्वतःच्या हाताने पाण्याचा पेला पुढे केला.

"नऊ वर्षं झाली ना तुम्हाला? अन्याय झालाय तुमच्यावर. कायम करायचं मनात आहे. आणि उद्या समिती विचारेल, शिड्यांवर काही खुणा असायच्या का. नीट आठवून सांगा. दडपण घेऊ नका."

यात खोटं बोला असं कुठे आहे? शोधून दाखवा. मी तेव्हापासून शोधतेय.

दुसऱ्या दिवशी समितीने कानताईसमोर एक कागद ठेवला. तीन वर्षांपूर्वी कारखान्यात आरोग्य शिबिर झालं होतं, त्यातल्या कानाच्या तपासणीचा. डावा कान निकामी, उजवा निम्मा, कारण सततचा आवाज. तेव्हा तिला सांगितलं होतं, वयामुळे होतं, काळजी नको. खरा कागद तीन वर्षं साहेबांच्या कपाटात, त्या ढालीच्या खाली होता.

"तुम्हाला नीट ऐकू येत नाही, हे खरं?" त्यांनी मोठ्याने विचारलं.

"खरं." तिला खोटं बोलता येत नव्हतं, हाच तिचा मूर्खपणा. "पण मी हाताने तपासते. मुंग्या येतात."

समितीतला एक जण खाली बघून हसला. साहेब हसले नाहीत. ते फार दुःखी दिसत होते.

"आणि मुकी निघाली की मी फुली मारते," ती म्हणाली. "हिला विचारा. ही बघते रोज."

सगळे माझ्याकडे वळले. कानताई तर इतक्या विश्वासाने बघत होती की मला तिचा रागच आला.

"मला कधी फुली दिसली नाही," मी म्हटलं.

तिला नीट ऐकू आलं नसावं. तिने माझ्या ओठांकडे पाहिलं. "काय म्हणाली?" तिने शेजारच्याला विचारलं, आणि त्याने ते तिच्या कानात ओरडून सांगितलं. म्हणजे माझं खोटं त्या खोलीत दोनदा बोललं गेलं.

तिला काढलं नाही. साहेब तसे नाहीत. तिला 'सन्मानाने निवृत्त' केलं. आपल्या अपंगत्वामुळे अपघात झाला असं तिच्याकडून लिहून घेतलं, म्हणजे भरपाईची जबाबदारी कारखान्यावर कमी येते. निरोप समारंभ मालाच्या दालनात ठेवला. खुर्च्या, हार, फोटोवाला. त्या दिवसांत कानताई पार खंगली होती. दर रविवारी ती त्या शिपाईबाईकडे जायची, तिला कुशीवर वळवायची, पाठ पुसायची. मला म्हणायची, "माझा हात चुकला असेल का गं? एकतीस वर्षांत नाही चुकला." मी म्हणायची, "वय होतं ताई." एक वाक्य बोलले असते तर तिच्या छातीवरचा धोंडा उतरला असता. मी रोज ते वाक्य तोंडात घोळवलं आणि रोज गिळलं.

साहेबांनी तिला भेट म्हणून शिडी दिली. आपल्याच हातची वस्तू, म्हणाले, आठवण राहील. सकाळी मुकादमाने तयार मालातली वरची एक उचलून फीत बांधली होती. आदल्या दिवशी तीच मी पुसली होती. दांडीवरच्या ओरखड्यावरून मी ओळखली. फुली पाचव्या पायरीवर होती.

कानताईने शिडी घेतली, आणि सवय कुठे जाते? डावा तळहात दांडीवर दाबला आणि उजव्या हाताच्या बोटाच्या पेराने टक् टक् करत वर गेली. पाचवीवर थांबली. पुन्हा ठोकलं.

"साहेब, ही मुकी आहे."

मग मुकादम फिसकन हसला आणि सगळं दालन हसलं. बहिरी बाई शिडीला मुकी म्हणते, यापेक्षा चांगला विनोद त्या वर्षात झाला नव्हता. साहेबांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला. "कानताई, आता तरी विश्रांती घ्या."

ती हसणाऱ्यांकडे बघत नव्हती. माझ्याकडे बघत होती. "तू ठोक गं. तुला शिकवलंय मी. तुझा हात चांगला आहे."

मी पुढे झाले. तळहात दाबला आणि ठोकलं. काहीच आलं नाही. लाकडावर मारल्यासारखं ठप्प. साहेब माझ्या बाजूला उभे होते, प्रेमाने बघत होते.

"बोलते, ताई," मी म्हटलं. तिला ऐकू जावं म्हणून मोठ्याने, ओठ नीट हलवून.

तिने मान हलवली. "मग त्या पोरीला मीच पाडलं," ती म्हणाली आणि खाली बसली. फोटोवाल्याने तेवढ्यात फोटो काढला.

पुढच्या महिन्यात मी कायम झाले. पॅकिंगचं टेबलही सुटलं. आता हातोडी माझ्याकडे आहे आणि लेबलावर तोच नंबर आहे, सात. नवीन लेबलं छापायची म्हणजे कागद वाया जातो.

चार महिन्यांनी कारखान्याचा वार्षिक अंक निघाला. त्यात तिचा तो खाली बसलेला फोटो होता, 'माणूस आधी' या मथळ्याखाली. अंक पोचवायला साहेबांनी मला पाठवलं. दार उघडंच होतं. सासू पलंगावरून ओरडली, "ये गं, ती वर आहे." कानताई माळ्यावरचा डबा काढत होती, त्याच शिडीवर चढून. मला बघून ती खाली उतरली. सहाव्या पायरीवरून तिने पाय लांब टाकला आणि तो थेट चौथीवर ठेवला.

पाचव्या पायरीवर पांढऱ्या खडूची फुली होती. ताजी, ठसठशीत.

तिने अंक घेतला, न बघताच सासूच्या उशाशी ठेवला, आणि माझ्या हातांकडे बघितलं.

"कधीपासून माहीत होतं तुला?" मी ओठ नीट हलवून विचारलं.

"त्या रात्री घरी ही पुन्हा ठोकून बघितली, तेव्हापासून. तू ठोकलंस तेव्हाच तुझा चेहरा मुका झाला होता." तिच्या आवाजात राग नव्हता, असता तर बरं झालं असतं. "त्या पोरीलाही सांगितलंय मी. ती दर रविवारी विचारते, ती बाई कधी येणार म्हणून."

मी फुलीकडेच बघत राहिले. तिला वाटलं असावं, मी काहीतरी शोधतेय.

"फडकं नळावर आहे," ती म्हणाली. "ओलं करून घे."