उभ्याने झोपणारी नाव

पाणी घोट्याच्या वर आलं तेव्हा उकंडमामा म्हणाले, "पिऊ द्या. तहानली हाय ते."

नाव धरणाच्या मधोमध होती आणि इंजीन बंद पडलं होतं. पुढचा काठ जेवढा लांब, तेवढाच मागचा. नावेत पाच माणसं आणि कापसाची सात गाठोडी. पोहता येत होतं एकट्या बंडूला, तेही विहिरीपुरतं. फळ्यांच्या फटींतून पाणी येत होतं, आवाज न करता, घरच्यासारखं.

माझी जाऊ कमल ओरडली, "मामा, काहीतरी करा नं! बसून काय राह्यले?"

"बैल दोन दिवस उन्हात बांधला अन् मंग नदीवर नेला, तं तो किती पाणी पिते? पोट भरलं का आपोआप थांबते."

"अन् तिचं पोट भराच्या आधी आपलं भरलं तं?" मी विचारलं.

मामांनी धोतर गुडघ्यावर घेतलं आणि समोर बघत बसले. ही नाव त्यांनी निवडली होती.

उकंडमामा बैलांचे दलाल होते. ते माझे मामा नव्हेत, सगळं गावच त्यांना मामा म्हणायचं. कोणी भेटलं की ते आधी पायांकडे बघत, मग तोंडाकडे. तोंड माणूस पाहिजे तसं करते, पाय करता येत नाही, असं त्यांचं म्हणणं. एकदा कोणीतरी त्यांना मुलगी बघायला नेलं. पोहे खाऊन मामा सगळ्यांदेखत म्हणाले, "चाल चांगली हाय. डावा पाय जरा भाएर टाकते, पण ओढीत फरक पडनार नाई." पुढे त्यांना असल्या कामाला कोणी नेलं नाही. त्या मुलीचं लग्न दुसरीकडे झालं आणि तिनं खरोखरच सगळं घर ओढलं, ही गोष्ट वेगळी.

राळेगावपासून केळापूरपर्यंतचे बैलबाजार त्यांना ओळखत. सौदा करताना दोघांचे हात दुपट्ट्याखाली जात आणि भाव बोटांनी ठरे. कोणतं बोट धरलं, किती दाबलं, यावरून आकडा कळायचा. बाजूला उभ्या माणसाला पत्ता लागायचा नाही. "तोंडानं सांगतलेला भाव हवेत जाते," मामा म्हणायचे, "बोटानं सांगतलेला हातात राह्यते." चाळीस वर्षांत त्यांनी निवडलेला एकही बैल कोणी परत आणला नव्हता. 'मामाचा बैल' म्हटलं की लोक दात बघत नसत.

मग कापसाची ती वर्षं आली. पेरावं तर उगवत नव्हतं, उगवलं तर अळी खायची, अळीनं ठेवलं तर व्यापारी खायचा. लोकांनी गोठे रिकामे केले. बाजारात विकणारे सगळे आणि घेणारा कसाई. कसायाला दात मोजायची गरज नसते. मामा चहाच्या टपरीवर बसू लागले. कोणी जुनी मोटारसायकल घेतली तर तिच्याभोवती एक चक्कर मारून मान हलवत. कोणी विचारत नसे, ते सांगत असत.

आमचं गाव धरणाच्या पाण्याकाठी. जुना रस्ता पाण्याखाली गेला. पलीकडच्या काठाला बाजार, दवाखाना, फुलसावंगीची गाडी, सगळं काही. आमच्या काठाला आम्ही. पूल होणार होता, म्हणजे दर निवडणुकीत होत होता. वळसा घालून जायचं तर अख्खा दिवस मोडायचा. म्हणून आम्ही बचतगटाच्या बायांनी ठरवलं, इंजिनाची नाव घ्यायची, वर छप्पर असलेली, म्हणजे बाळंतीणही नेता येईल आणि कापूसही भिजणार नाही. जमलेल्या पैशात नवी नाव सोडा, नव्या नावेचं इंजीनही आलं नसतं. जुनीच घ्यायची होती.

चंद्रपूरकडे एका तलावावरचा नौकाविहार बंद पडला होता. ठेकेदाराकडे दोन जुन्या नावा विकायला होत्या. बघायला गेलो चौघं: गटाची अध्यक्ष म्हणून मी, इंजिनासाठी ट्रॅक्टर दुरुस्त करणारा बंडू, कागदासाठी शाळेचे गुरुजी, आणि पारखीसाठी मामा. मामांना कोणी बोलावलं नव्हतं. ते धुतलेला दुपट्टा घालून गाडीत आधीच बसले होते.

पहिली नाव फायबरची. वर पांढरी खोली, काचा फुटलेल्या, रंग उडालेला. ती पाण्यातच उभी होती आणि बुडाला हिरवं शेवाळ धरलं होतं. मामा दुरूनच म्हणाले, "हे म्हैस हाय. पान्यात बसून राह्यते. उठवाले दोन माणसं लागतीन."

दुसरी लाकडाची. दोन उन्हाळे शेडमध्ये विटांवर ठेवलेली. निळा रंग, खोलीला दोन खिडक्या, आत चार बाकं, पितळेची कडी. मामांचा चेहराच बदलला. त्यांनी तिच्याभोवती तीन फेऱ्या मारल्या, फळ्यांवर हात फिरवला, बोटांनी ठोकलं, वास घेतला. नावेच्या पुढच्या टोकाच्या फळीवर लाकडाची गाठ होती. ती बघून म्हणाले, "कपायावर भोवरा हाय. लक्षन चांगलं हाय."

"वय किती असेल?" गुरुजींनी विचारलं.

"जुळली हाय. म्हंजे सारे दात आले, पण म्हातारी नाई. अन् पाहा नं, उभीच हाय. उभ्यानं झोपते ते जनावर घ्यावं."

बंडूनं इंजीन चालू केलं. ते खोकलं आणि मग छान चाललं. गुरुजी भीत भीत म्हणाले, "मामा, एकदा पाण्यात टाकून बघू का?"

मामांनी त्यांच्याकडे अशा नजरेनं पाहिलं की गुरुजींनी चष्मा काढून पुसला. "गुरुजी, बैल घेताना तुमी त्याले हिरीत टाकून पाह्यता काय?"

आम्ही हसलो. मीही हसले. अध्यक्ष मी होते आणि 'टाका पाण्यात' हे दोन शब्द माझ्या तोंडून निघाले असते तर पुढचं सगळं टळलं असतं. पण चाळीस वर्षं न चुकलेल्या माणसाला कोण बोलणार?

मग मामांनी ठेकेदाराचा हात दुपट्ट्याखाली घेतला. त्या शहरातल्या माणसाला काय चाललंय ते कळेना. मामांनी त्याची दोन बोटं दाबली. त्यानं हात ओढला, मामांनी सोडला नाही. "अहो, हे काय करून राह्यले?" तो ओरडला. मामा शांतपणे तिसरं बोट अर्धं दाबून त्याच्या डोळ्यात बघत राहिले. शेवटी तो म्हणाला, "न्या बावा, तुमी म्हणान त्या भावात न्या, पन हात सोडा." येताना मामा गाडीत म्हणाले, "कच्चा मानूस हाय. पयल्याच दाबात आला."

नाव ट्रकवरून गावात आली. बायांनी कुंकू लावलं, कोणीतरी बैलाची झूल आणून छपरावर टाकली. दुसऱ्या दिवशी माझा कापूस भरून आम्ही पहिली फेरी काढली. काठावरून निघालो तेव्हा तळाला ओल होती. मामा म्हणाले, "घाम हाय." मग पाणी घोट्याला लागलं आणि ते तहानेवर आले.

पाणी पोटरीपर्यंत आलं तशी कमल उभी राहिली. "मामा, एक सांगा. चुकले का नाई तुमी?"

बंडू आणि गुरुजी बाकाच्या फळ्या उपटून वल्ह्यासारख्या मारत होते. तेही थांबले. मामा माझ्याकडे बघत होते. आयुष्यात पहिल्यांदा ते माझ्या पायांकडे न बघता थेट तोंडाकडे बघत होते.

"चुकलो, बाई," ते म्हणाले. "मी बैल पाह्यला. नाव पाह्यलीच नाई."

सांत्वन करायला वेळ नव्हता, आणि असता तरी मी केलं नसतं. मी विळ्यानं एक गाठोडं फोडलं. आमच्याकडच्या बाईच्या हातात कापूस आला की हात आपोआप सरकी काढतात आणि मांडीवर वात वळतात. कमलनं देवासाठी दोनदा लाख वाती वळल्या होत्या. आम्ही दोघी बाकावर पाय वर घेऊन बसलो आणि वळू लागलो, करंगळीएवढ्या जाड, हातभर लांब. मामा पाण्यात गुडघ्यावर बसले आणि त्याच विळ्याच्या टोकानं त्या वाती फटींत ठोसू लागले. त्यांनी वर न बघता हात पुढे करायचा आणि आम्ही वात द्यायची. कापसाचा भाव कोणी विचारत नव्हतं त्या वर्षी. धरणाच्या मधोमध मात्र माझ्या कापसाला गिऱ्हाईक होतं.

"बारीक नोका वळू," मामा एकदाच बोलले, "देव पाहून नाई राह्यला."

"पाहून राह्यला असन तं त्याले म्हना, फळी मार," बंडू म्हणाला.

दोन गाठोडी संपली. उरलेली पाच आम्ही पाण्यात ढकलली. ती काही वेळ पांढरी पांढरी तरंगली, मग जड होऊन गेली. पाणी थांबलं नाही, पण येणं कमी झालं. मामा दुपट्ट्यानं टिपून पिळत होते, कमल डब्यानं उपसत होती. दुपार कलताना नाव पलीकडच्या चिखलाला लागली आणि तिथंच कंबरभर पाण्यात बसली. म्हशीसारखी.

तिसऱ्या दिवशी गावानं ती दोरांनी वर ओढली, पाणी उपसलं आणि पुन्हा सोडली. एक थेंब आत येईना. बंडूनं सांगितलं, सुकून आकसलेल्या फळ्या पाणी पिऊन फुगल्या आणि सांधे मिटले. लाकडी नाव अशीच असते म्हणे. आधी काठाशी दोन-तीन दिवस बुडवून ठेवली असती तर काहीच झालं नसतं. तहानलीच होती ती. पोट भरल्यावर थांबलीच. माणूस भलत्या कारणानं बरोबर ठरू शकतो, हे मी तेव्हा पाहिलं.

गावात मामांचा मान परत आला, पहिल्यापेक्षा जास्त. "मामानं सांगतलं होतं, तहानली हाय म्हनून!" मामा मिशीला हात लावून म्हणायचे, "जनावराची भाषा समजाव लागते." मी समोर असले तर मात्र ते विषय बदलायचे आणि माझ्या कोंबड्यांची चौकशी करायचे.

नाव पुढे बरीच वर्षं चालली. तिनं बाळंतिणी नेल्या, मतपेट्या नेल्या, वऱ्हाडं नेली. मामा एका उन्हाळ्यात घरीच, खाटेवर गेले. तेरवीला जेवता जेवता लोक म्हणाले, मामा जन्मात एकदाही चुकले नाहीत. गुरुजी ताटात बघत होते. बंडूनं माझ्याकडे पाहिलं. कमलनं भात वाढून घेतला. मी तिच्या भातावर वरण वाढलं.

त्या दिवशी नावेत आम्ही पाच जण होतो, उकंडमामा, बंडू, गुरुजी, कमल आणि मी. पाचही जण जिवंत उतरलो.