खंड्याचा अर्धा वाटा

मोहने गाव मागं पडलं आणि खंड्या रस्त्यातच बसला. आवडाबाईंनी डोक्यावरची मासळीची पाटी उतरवली, तिच्यात गोणपाट पसरलं, खंड्याला उचलून आत ठेवलं आणि म्हणाल्या, "वैनी, जरा हात लावा." मी हात लावला. पाटी पुन्हा डोक्यावर गेली, या वेळी कुत्र्यासकट. चतुर्थीच्या दिवशी ही बाई रिकामी पाटी घेऊन का निघाली, हे मला कल्याणपासून पडलेलं कोडं होतं. पाटी हळदीच्या पाण्यानं धुतलेली होती.

अंगारकीला आम्ही दोघी कल्याणहून टिटवाळ्याला चालत जायचो. मी पारनाक्याजवळ राहणारी, आवडाबाई खाडीकाठच्या कोळीवाड्यातल्या. एरवी त्या आमच्या दारावर मासळी घेऊन येत. ओळख मासळीमुळे झाली आणि वाढली ती उपासामुळे, कारण चतुर्थी त्याही पाळत. खंड्या मात्र त्या वर्षी पहिल्यांदाच बरोबर होता. उपास त्याचाही होता. मुक्या जनावराला कशाला उपाशी ठेवायचं, असं मी म्हणून पाहिलं. त्यावर त्यांचं म्हणणं, घरात आज कोणी जेवलेलं नाही, मग तो एकटा बसून जेवेल का. खंड्याकडे बघून तसं काही सांगता येत नव्हतं.

खंड्याला रेतीबंदरावरून आणलं ते आवडाबाईंचे मालक दामाजी यांनी. तेव्हा तो टोपीत मावायचा. महिन्याभरात तो होडीवर जायला लागला. पहाटेच्या धुक्यात रेतीची बोट अंगावर यायची असली की तो आधी भुंकायचा. एकदा त्याच्या भुंकण्यानं होडी वाचली, आणि त्या दिवशी दामाजींनी बंदरावर सगळ्यांसमोर मासळीचे वाटे घालताना एक जास्तीचा घातला. होडीचा एक, जाळ्याचा एक, माणशी एक आणि खंड्याचा अर्धा. अर्धा का, तर तो वल्हं मारत नाही म्हणून. हे सगळ्यांना पटलं. पुढे दहा-बारा वर्षं तो वाटा बिनबोभाट निघत राहिला.

घरातही त्याचं सगळं रीतीनं होतं. त्यांची लेक सगुणा ठाण्याला चेंदणीत दिलेली, जावई मधु वागळे इस्टेटमध्ये कामाला. एका भाऊबीजेला मी फराळ घेऊन गेले होते, तेव्हा एका ओळीत दोन पाट मांडलेले होते. एकावर जावई, दुसऱ्यावर खंड्या. सगुणानं खंड्याला ओवाळलं. ओवाळणी त्याच्या वतीनं दामाजींनी घातली. मग जेवणाचं पहिलं ताट खंड्यापुढे आलं, तेव्हा जावयांनी सासूकडे पाहिलं. आवडाबाईंनी त्यांना शांतपणे समजावलं की, तो या घरात तुमच्या आधीपासून आहे. जावई समजूतदार. ते जेवले.

दामाजी गेले आणि होडी पुतण्याच्या, चंदूच्या हाती आली. चंदू वाईट मुलगा नव्हे. पण खंड्याचे मागचे पाय थकले, तो होडीत चढेना, तसा चंदूनं त्याचा वाटा बंद केला. आवडाबाई बंदरावर गेल्या. चंदूचे वडील भिवाजी डोळ्यांनी अधू होऊन घरी बसले होते, तेव्हा मरेपर्यंत त्यांना अर्धा वाटा पोचत होता, ही आठवण त्यांनी चंदूला करून दिली. कोळीवाड्याची रीतच तशी.

"काकी, बाबा माणूस होता," चंदू म्हणाला.

"तुजा बाबा होडीत असतानापन झोपायचा. ह्यो कवा झोपला, सांग."

बंदरावरची माणसं हसली. चंदूला ते लागलं. तो म्हणाला, खंड्याला रोज पोटभर मासळी देईन, हवी तेवढी देईन, पण वाटा म्हणून देणार नाही.

"खायाला तर दारावरच्या भिकाऱ्यालापन देतात," आवडाबाई म्हणाल्या, आणि स्वतःच्या घराचा वाटाही तिथंच टाकून आल्या. तेव्हापासून त्या बाजारातून मासळी विकत घेऊन दारोदार विकत होत्या. एकाचं ताट उचलल्यावर बाकीच्यांनी कसं जेवायचं, एवढंच त्यांनी मला सांगितलं. काकी वाटा घेईना, तेव्हा चंदूनं गोष्ट कोळीवाड्याच्या पंचांपुढे नेली. पंच अंगारकीच्या दुसऱ्या दिवशी, बुधवारी बसणार होते. आज म्हणूनच खंड्याला घेऊन टिटवाळा.

आंबिवलीच्या अलीकडे एका सायकलवाल्यानं पाटी बघून थांबवलं आणि काय ताजं आहे ते विचारलं. आज अंगारकी आहे, कळत नाही का, असं आवडाबाईंनी त्याला झापलं. तेवढ्यात खंड्यानं पाटीतून डोकं वर काढलं. तो माणूस सायकलवर टांग मारून निघून गेला. पुढे मी नामस्मरण करत चालले. आवडाबाई खंड्याशी बोलत चालल्या होत्या. उद्या पंचांसमोर उगाच भुंकायचं नाही, असं काहीतरी सांगत होत्या.

देवळाशी रांग मोठी होती. आम्ही दारापर्यंत आलो तेव्हा रखवालदारानं पाटी खाली घ्यायला लावली, आत पाहिलं आणि कुत्रं आत जाणार नाही म्हणून सांगितलं. मला वाटलं, आता इथं बंदरासारखं होणार. पण आवडाबाईंनी पाटी उचलून कमरेवर घेतली. रांगेतून बाहेर पडल्या, तळ्याच्या बाजूला झाडाखाली खंड्याला उतरवलं आणि त्याच्याशेजारी बसल्या. मी म्हटलं, आपण आळीपाळीनं जाऊ, तुम्ही आधी दर्शन घेऊन या, मी बसते याच्यापाशी.

"नको, वैनी. उद्या मी पंचांना सांगनार, ह्यो घरातला हाय. आन आज मीच त्याला भायेर बसवून आत गेले, तर माज्या बोलन्याला काय अर्थ ऱ्हायला?"

त्यांनी कमरेची गाठ सोडून दूर्वांची जुडी काढली, जवळच्या फेरीवाल्याकडून नारळ घेतला आणि दोन्ही माझ्या हातात दिलं. पदर सारखा केला.

"माजं देवाला काय सांगितलं नाय तरी चालंल," त्या म्हणाल्या. "त्याचं तेवडं नीट सांगा. खंडू दामाजी कोळी, ऱ्हानार कल्यान. वय झालंय, कामावर जात नाय, पन घरातलाच हाय. आन वैनी, कुत्रा हाय असं आपनहून सांगू नका. त्यानं इचारलं तरच सांगा."