आधी नाणं, मग लेबल

सिस्टरच्या हातात कोणी डबीबंद नाणं दिलं, की त्या सगळ्यात आधी डबीवरच्या लेबलावर अंगठा ठेवत. मग चष्मा कपाळावर ढकलत, भिंग डोळ्याशी नेत आणि खिडकीच्या उजेडात नाणं हळूहळू तिरपं करून बघत. देणारा अधीर होऊन म्हणे, "सिस्टर, वर लिहिलंय ना सगळं!" त्यावर त्यांचं उत्तर ठरलेलं असे. "लिहिलेलं मंग वाचीन. पेशंट पायल्याबिगर त्याचा कागद वाचाची मले सवय नाई."

उभी नोकरी त्यांनी सरकारी दवाखान्यात बाळंतपणाच्या वॉर्डात काढली होती. निवृत्त झाल्या तरी गोंदियात त्यांना नावानं कोणी हाक मारली नाही, सगळे सिस्टरच म्हणत. रेल्वे लाइनच्या पलीकडे त्यांचं दोन खोल्यांचं घर होतं. बाहेरच्या खोलीत बुद्ध आणि बाबासाहेबांची तसबीर, त्याखाली एक टेबल आणि टेबलावर नाणी. दर रविवारी सकाळी आम्ही दोघं तिथे जमायचो. मी रेल्वेच्या पार्सल ऑफिसातला, म्हणून मला त्या 'बाबू' म्हणत. दुसरे पटलेभाऊ, कामठ्याचे शेतकरी. धान निघाला की सिस्टरसाठी पिशवीभर नवा तांदूळ आणणारे.

घरात शिरताच पहिला प्रश्न यायचा, "हात धुतले का?" साबणानं हात धुतल्याशिवाय नाण्याला हात लावू देत नसत आणि लावला तरी फक्त कडेला. बोलायला मात्र तिखट. मी एकदा मोठ्या कौतुकानं एक चकचकीत जुना रुपया नेला. त्यांनी भिंग लावलं न लावलं आणि परत दिला. "बाबू, याले कोणीतरी घासलं आहे. म्हाताऱ्यानं केस काळे केल्यावाणी दिसून राहिलं." मी हिरमुसलो, तर बशीत दोन बिस्किटं जास्त ठेवली.

त्या सुमारास परदेशातून तपासून आलेली नवी चांदीची नाणी नागपूरच्या प्रदर्शनांत दिसू लागली होती. प्रत्येक नाण्याला गुण दिलेले असत, सत्तर म्हणजे पैकीच्या पैकी, आणि ते पारदर्शक डबीत कायमचं बंद केलेलं असे. काही डब्यांवर साधं पांढरं लेबल, तर काहींवर खास. कुठे झेंडा, कुठे 'पहिल्या दिवसाचं नाणं' अशी ओळ, कुठे कोणाची सही. खास लेबलाचा भाव जवळजवळ दुप्पट.

एका रविवारी पटलेभाऊ उत्साहात आले. नागपूरच्या एका व्यापाऱ्याकडे त्यांनी अशी तीन नाणी बघितली होती. व्यापारी पैसे मागत नव्हता. पटलेभाऊंच्या घरातल्या जुन्या चांदीच्या रुपयांच्या, गळ्यात घालायच्या माळेच्या बदल्यात तो ती तिन्ही द्यायला तयार होता.

"कोणाची माळ?" सिस्टरनी विचारलं.

"आजीची. पेटीत पडून आहे. कोणी घालून नाई राहिलं. तो म्हणे, नाणं पुन्हा भेटन, पण हे लेबल पुन्हा भेटत नाई."

सिस्टरनी कप उचलला. चहा संपवला आणि म्हणाल्या, "पुढच्या प्रदर्शनाले मीबी येते."

आम्ही तिघं गाडीनं नागपूरला गेलो. माळ पटलेभाऊंच्या पिशवीत फडक्यात गुंडाळलेली होती आणि वाटभर त्यांचा हात पिशवीवरच होता. व्यापारी अदबशीर माणूस होता. त्यानं खास लेबलाची तिन्ही नाणी मखमलीवर मांडली. सिस्टर म्हणाल्या, "यातलंच एक, तेवढ्याच गुणाचं, पण साध्या लेबलाचं आहे का?" त्यानं काढून दिलं. सिस्टरनी दोन्ही डब्या पदराआड घेतल्या, खालीवर केल्या, दोन्हींची लेबलं अंगठ्यांनी झाकली आणि त्याच्यासमोर धरल्या.

"आता सांगा, महागडं कोणतं?"

तो बराच वेळ बघत राहिला. मग हसला. "बहनजी, नाणं तो एकच आहे. फरक लेबलचाच."

"बरं. पुढच्या साली पटलेभाऊंनी हे परत आणलं, तर लेबलाचे वेगळे पैसे देसाल?"

त्यानं इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "कोई शौकीन समोर उभा असेल तर देऊ. नाही तर नाण्याचाच भाव. झूठ नहीं बोलूंगा."

पटलेभाऊंनी पिशवीचं तोंड गाठ मारून बांधलं. त्यांचा चेहरा उतरला होता. आम्ही उठणार, एवढ्यात सिस्टरनी खास लेबलाचं एक नाणं उचललं आणि व्यापाऱ्याला विचारलं, "ही सही कोणाची?"

"ज्या बाईनं या नाण्याचं चित्र काढलं, तिची."

सिस्टरनी पर्स उघडली आणि ते नाणं, लेबलाचे जास्तीचे पैसे देऊन, घेतलं.

परतीच्या गाडीत पटलेभाऊ तिरोड्यापर्यंत पिशवी मांडीवर घेऊन बसले होते. मग फुटलेच. "मले नाई म्हटलं आनं सोता घेतलं! काऊन जी?"

"तुम्ही भाव वाढन म्हणून घेत होते. मले आवडलं म्हणून मी घेतलं. बाई नाण्याचं चित्र काढते हे मले मालूमच नव्हतं. उद्या हे लेबल कोणी फुकटात नाई घेतलं, तरी माहं काई जात नाई. तुमची माळ गेली असती."

पटलेभाऊंनी खिडकीबाहेर पाहत मान हलवली. त्यांच्या सुनेनं ती माळ पुढे घरच्या एका लग्नात घातली, तेव्हा त्यांनी सिस्टरना मुद्दाम बोलावून नेलं.

काही वर्षांनी सिस्टरनी रायपूरला मुलीकडे राहायला जायचं ठरवलं. आवराआवर करताना त्यांनी मला एक लाकडी खण दाखवला. त्यात कागदी पाकिटं होती, मागच्या बाजूला नाव-गाव लिहिलेली, आणि प्रत्येकात एक साधं चलनी नाणं. वॉर्डात मूल झालं की कोणाची आजी, कोणाची मावशी त्यांच्या मुठीत नाणं कोंबायची. नाही म्हटलं तरी ऐकायची नाही. सिस्टरनी त्यातलं एकही खर्च केलं नव्हतं.

"ज्याईचं त्याईले देऊन येऊ," त्या म्हणाल्या. सगळे सापडणं शक्य नव्हतं, पण ऑटो करून आम्ही बरीच घरं फिरलो. कामठ्याला एक मुलगी भेटली, गोंदियाच्या कॉलेजात शिकणारी. सिस्टरनी तिच्या हातात पाकीट ठेवलं. "तू झाली त्या दिवशी तुह्या आजीनं देल्लं होतं."

मुलीनं पाकिटावरची सिस्टरच्या हातची निळ्या शाईतली अक्षरं मोठ्यानं वाचली. "दुपार. मुलगी. उशिरा रडली, पण जोरात रडली. आजी आधी घाबरली, मग नाचली." तिची आई दारात उभी होती, तिनं तोंडाला पदर लावला. आजी जाऊन बरीच वर्षं झाली होती.

मुलीनं पाकीट उघडून रुपयाचं नाणं तळहातावर घेतलं, क्षणभर बघितलं आणि सिस्टरपुढे धरलं. "हे तुम्ही ठेवा, सिस्टर. मले फक्त पाकीट द्या."

आयुष्यभर नाण्याकडे आधी बघणाऱ्या सिस्टर तिच्याकडे बघतच राहिल्या. मग त्यांनी नाणं घेतलं, तिच्या गालावरून हात फिरवला आणि ऑटोत येऊन बसल्या. नाणं मुठीत तसंच होतं. कामठा मागे पडलं, दोन्हीकडे धानाची शेतं सुरू झाली, तेव्हा कुठे त्या बोलल्या.

"बाबू, पोरगी हुशार निंगाली जी."